५३५ कोटी बाइट मागणारी वजाबाकी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी फेब्रुवारीत माझ्याकडे आली ती निष्कर्ष घेऊनच. प्रकल्प पावसाचा होता. सातारा जिल्ह्यातल्या एका पर्जन्यमापन केंद्रावर उद्या किती पाऊस पडेल, याचा अंदाज मागच्या तीन दिवसांच्या नोंदींवरून बांधता येतो का, एवढाच प्रश्न. तिचं उत्तर होतं: येत नाही. मॉडेल रोज जवळपास एकच आकडा सांगतं, धो धो कोसळो की उघडीप असो.

ते उत्तर मी जवळजवळ मान्य केलं होतं. हे प्रकरण सविस्तर लिहायला बसले त्याचं कारणही तेच. चूक एका ओळीत होती आणि सापडल्यावर ती दुरुस्त करायला मिनिटभरही लागलं नाही. पण त्या ओळीने दोन महिने आम्हा दोघींना चुकीची गोष्ट पटवून दिली. पटली, कारण ती आम्हाला मुळातच खरी वाटत होती.

मांडणी

नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर धरतात, म्हणजे १२२ दिवस. नोंदी ३५ वर्षांच्या होत्या. पहिली ३० वर्षं मॉडेलला शिकवायला आणि शेवटची ५ तपासायला ठेवली. ३० गुणिले १२२, शिकवायच्या ओळी झाल्या ३६६०. प्रत्येक ओळीत १५ आकडे: हे केंद्र आणि शेजारची चार केंद्रं, प्रत्येकाचे मागचे तीन दिवस. जूनच्या पहिल्या तारखांसाठी मेअखेरच्या नोंदी वापरल्या. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागच्या २४ तासांचा असतो. त्यामुळे तारखा एका दिवसाने मागेपुढे होण्याची भीती असते. माझा पहिला संशय तिथेच होता, पण तिने तारखा नीट जुळवल्या होत्या. पाचही केंद्रांच्या नोंदींचे छापील तक्ते समोर ठेवून ती माझ्याबरोबर बसली आणि एकेक आठवडा तपासून दाखवला.

प्रोग्राम पायथॉनमध्ये होता. आकड्यांचे तक्ते नम्पाय या लायब्ररीत, न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं मॉडेल) पायटॉर्च या लायब्ररीत. १५ आकडे आत, मध्ये १६ न्यूरॉनचा एक थर, बाहेर एक आकडा: उद्याचा पाऊस, मिलिमीटरमध्ये.

पहिल्याच काही ओळींत प्रत्येक रकान्याची सरासरी काढून ती त्या रकान्यातून वजा केली होती. तक्त्याचा शेप, म्हणजे ओळी किती आणि रकाने किती, (३६६०, १५), सरासरीचा (१५). दोन्हींचे शेप वेगळे, तरी वजाबाकी होते, कारण नम्पायचा ब्रॉडकास्टिंगचा नियम. दोन ॲरेंचे (आकड्यांच्या तक्त्यांचे किंवा याद्यांचे) शेप उजवीकडून जुळवत जायचं. त्या जागचे आकडे सारखे असले तर ठीक, एक आकडा १ असला तरी ठीक, आणि एका बाजूला आकडाच उरला नसेल तर तिथे १ आहे असं समजायचं. १५ ला १५ जुळले, डावीकडे ३६६० समोर काहीच नाही, म्हणून तिथे १. मग ती १५ सरासरींची ओळ ३६६० वेळा खाली पसरली असं मानून हिशेब होतो. प्रत्यक्ष प्रती काढल्या जात नाहीत, मेमरी वाचते, आणि फॉर-लूप लिहावा लागत नाही. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते की तिथे एक नियम काम करतोय हेच आपण विसरून जातो. तिची ही ओळ अगदी बरोबर होती.

चुकीची ओळ पुढे होती, आणि तीही याच नियमाने चालत होती.

मॉडेल किती चुकलं हे मोजणारा लॉस तिने स्वतः लिहिला होता, त्यालाही चांगलं कारण होतं. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे मुसळधार पाऊस. तिला अशा दिवसांच्या चुकीला जास्त वजन द्यायचं होतं, कारण नुकसान त्याच दिवशी होतं. आधी साधा लॉस चालवून बघू, वजनं मागून घालू, म्हणून तिने लिहिलं: अंदाज वजा प्रत्यक्ष, त्याचा वर्ग, त्याची सरासरी. वाचायला यात चूक काहीच नाही. मी ती ओळ तिच्या वहीत पाहिली होती, स्क्रीनवरही पाहिली होती.

लक्षण, आणि आम्ही त्याला दिलेलं कारण

लॉस शिकवण्याच्या पहिल्या काही फेऱ्यांत भराभर उतरायचा आणि मग एका आकड्यावर येऊन बसायचा. तिने शिकण्याचा वेग कमी केला. १६ चे ६४ न्यूरॉन केले. २००० फेऱ्यांच्या १०,००० केल्या. मधला थर काढून टाकून साधं रेषीय मॉडेल लावलं. चारही वेळा लॉस त्याच आकड्यावर थांबला, पहिल्या दशांशापर्यंत तोच.

ही खूण आम्ही उलटी वाचली. चार वेगवेगळ्या मॉडेलांनी एकाच जागी थांबावं, याचा अर्थ आम्ही असा लावला की माहितीतच यापेक्षा जास्त काही नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण तयारच होतं: रोजच्या पावसात बहुतेक दिवस थोडा आणि मोजके दिवस प्रचंड. चुकीचा वर्ग घेतला की मॉडेल मधला सुरक्षित आकडा धरून बसतं. हे बोलणं खोटं नाही. म्हणूनच ते घातक ठरलं. खरं कारण शोधायची गरजच त्याने संपवून टाकली. चार मॉडेलांची ताकद वेगळी असताना चारही दशांशापर्यंत एकाच ठिकाणी थांबतात, तर भिंत डेटात आहे की आपल्या कोडमध्ये, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

आणखी एक खूण होती. २००० फेऱ्यांना दीड-दोन मिनिटं लागत. ३६६० ओळी आणि १६ न्यूरॉन, एवढं काम काही सेकंदांचं. "लॅपटॉप जुना आहे मॅडम," ती म्हणाली आणि मी मान डोलावली.

शेवटच्या पाच वर्षांवर मॉडेल तपासलं तेव्हाही शंका आली नाही. ती मोजणी तिने सायकिट-लर्न या लायब्ररीच्या तयार फंक्शनने केली होती. ते फंक्शन दोन्ही बाजूंचे शेप आतल्या आत सारखे करून घेतं. म्हणजे परीक्षा प्रामाणिक होती आणि मॉडेल खरोखरच नापास होत होतं. चूक शिकवण्यात होती, परीक्षेत नव्हती.

मेमरी संपली

प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात एकाऐवजी दहा केंद्रं घ्यायची होती, कोयना खोऱ्यापासून माणदेशापर्यंत. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि माण तालुका कायम दुष्काळी, त्यामुळे तुलना करण्यासारखी होती. दहा केंद्रांच्या ओळी एकाखाली एक रचल्या: ३६,६००. पूर्वीच्या दहापट. प्रोग्राम सुरू केला आणि पहिल्याच फेरीत पडला. संदेश असा की मेमरी पुरत नाही, ५३५८२४०००० बाइट मागितले होते.

५३५ कोटी ८२ लाख ४० हजार बाइट. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असताना ही मागणी पूर्ण होणारच नव्हती. तिने तो संदेश मला पाठवला आणि विचारलं, विभागातल्या मोठ्या मशीनवर चालवायला परवानगी मिळेल का?

मी होकार लिहीत होते. लिहिता लिहिता हिशेब करून पाहिला तो केवळ किती जीबीचं मशीन मागावं हे ठरवायला. ३६,६०० ओळी, १५ रकाने, पायटॉर्चचा दशांश आकडा डीफॉल्टने ४ बाइटचा. गुणाकार येतो २१,९६,०००. बावीस लाखही नाही. मग ५३५ कोटी कोण मागतंय?

कॅल्क्युलेटरवर ५३५८२४०००० ला ४ ने भागलं. १३३९५६०००० आकडे. त्याचं वर्गमूळ घेतलं. उत्तर आलं ३६६००, पुढे दशांश काही नाही.

प्रोग्राममध्ये कुठेतरी ३६,६०० गुणिले ३६,६०० असा चौरस तयार होत होता. तो कुणी मागितला नव्हता. मी तिला लगेच फोन केला आणि सांगितलं, "मशीन राहू दे. लॉसच्या ओळीच्या आधी दोन्ही शेप छापून बघ."

अंदाजाचा शेप (३६६००, १). प्रत्यक्ष पावसाचा (३६६००).

नेटवर्कचा शेवटचा थर एकच आकडा देतो, पण रकाना म्हणून देतो, म्हणून मागचा १ असतो. प्रत्यक्ष पाऊस पांडाज या लायब्ररीतल्या तक्त्याच्या एका रकान्यातून उचलला होता, तो एकमिती, म्हणजे नुसती यादी म्हणून येतो. दोन्ही "३६,६०० आकडे" आहेत. कागदावर लिहिताना आपण दोन्हींत फरक करत नाही. पण नियम उजवीकडून जुळवतो: १ समोर ३६६००, म्हणून १ पसरतो. डावीकडे ३६६०० समोर काही नाही, म्हणून तिथे १ धरला आणि तोही पसरला. म्हणजे प्रत्येक दिवसाच्या अंदाजातून प्रत्येक दिवसाचा पाऊस वजा. ४ जुलैच्या अंदाजातून ४ जुलैचाही आणि त्या तीस वर्षांतल्या बाकी सगळ्या दिवसांचाही, दहाही केंद्रांचा.

एका केंद्राच्या वेळी हेच होत होतं. ३६६० चा वर्ग १,३३,९५,६००, चाराने गुणलं तर ५ कोटी ३५ लाख बाइट, साधारण ५४ एमबी. तेवढं कुठल्याही लॅपटॉपला झेपतं. दोन मिनिटं त्यातच जात होती.

तीन दिवसांचा तक्ता

मला तिला नुसतं सांगायचं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर तीनच दिवस घेतले. प्रत्यक्ष पाऊस: १०, ० आणि ५० मिमी. समजा मॉडेल इतकं हुशार की त्याने नेमके १०, ०, ५० सांगितले. लॉस शून्य यायला हवा.

रकान्यातून ओळ वजा केली की पहिली ओळ येते ०, १०, उणे ४०. दुसरी उणे १०, ०, उणे ५०. तिसरी ४०, ५०, ०. बरोबर उत्तर, म्हणजे शून्य, फक्त कर्णावर. बाकीचे सहा आकडे भलत्या दिवसांचे. वर्गांची बेरीज ८४००, भागिले ९, लॉस ९३३.३३.

आता दुसरं मॉडेल घ्या, ज्याला काहीच कळत नाही आणि जे तिन्ही दिवशी सरासरी, म्हणजे २० सांगतं. प्रत्येक ओळ १०, २०, उणे ३०. बेरीज ४२००, भागिले ९, लॉस ४६६.६७.

ती फळ्याकडे बघत थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बरोबर सांगितलं तर दुप्पट शिक्षा."

अगदी तेच. आणि हा त्या तीन आकड्यांचा योगायोग नाही. सगळ्या जोड्यांवर घेतलेली ही सरासरी उलगडली की तीन तुकडे पडतात: अंदाजाचा व्हेरिअन्स (प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर, त्या फरकांच्या वर्गांची सरासरी), अधिक प्रत्यक्ष पावसाचा व्हेरिअन्स, अधिक दोघांच्या सरासरीतल्या फरकाचा वर्ग. कोणता अंदाज कोणत्या दिवसाचा, याची माहिती या तीनपैकी एकाही तुकड्यात नाही. मधला तुकडा स्थिर. मग लॉस कमी करायला मॉडेलला दोनच वाटा उरतात: आपला अंदाज हलू द्यायचा नाही, आणि त्याची सरासरी पावसाच्या सरासरीवर आणून ठेवायची. आमचं मॉडेल तेच करत होतं. आम्ही त्याला जे शिकवलं ते त्याने व्यवस्थित शिकून दाखवलं होतं.

चारही मॉडेलं जिथे थांबली तो आकडा मग काय असणार, हे तिनेच आधी सांगितलं: पावसाचा व्हेरिअन्स. तपासायला तिने पायटॉर्चमध्ये या तीन दिवसांचा व्हेरिअन्स काढला तर आला ७००. क्षणभर वाटलं, सगळी मांडणी ढासळली. पायटॉर्च डीफॉल्टने एन (एकूण आकडे किती) वजा १ ने भागतं, १४०० भागिले २. नम्पाय एन ने भागतं, १४०० भागिले ३, आणि ते ४६६.६७ देतं. दोन लायब्ररींचे हे डीफॉल्ट वेगळे आहेत हे मला माहीत होतं, तरी त्या वेळी आठवायला वेळ लागला. ३६६० ओळींत हा फरक जवळजवळ दिसत नाही. एका केंद्राचा व्हेरिअन्स काढला, आणि तो दोन महिने आमच्या समोर असलेला तोच आकडा होता.

शेवटी खरं नेटवर्क या तीनच दिवसांवर शिकवलं. १६ न्यूरॉनना तीन दिवस पाठ व्हायलाच हवेत. जुन्या ओळीने लॉस ४६६.६७ वर अडला. शेप जुळवल्यावर तो शून्याकडे गेला. कुठलंही मॉडेल मोठ्या माहितीवर सोडण्याआधी दोन-चार ओळींवर पाठ होतं का हे बघण्याची चाचणी मी वर्गात शिकवते. या प्रकल्पात ती करायला मी सांगितलं नव्हतं.

ओरड का झाली नाही

पायटॉर्चचा तयार एमएसई लॉस (चुकांच्या वर्गांची सरासरी) वापरला असता तर इशारा मिळाला असता: दोन्ही बाजूंचे शेप वेगळे आहेत, ब्रॉडकास्टिंगमुळे उत्तर चुकण्याची शक्यता आहे. स्वतः लिहिलेली वजाबाकी ही मात्र साधी वजाबाकी, तिच्यामागचा हेतू लायब्ररीला कळणार कसा?

यात पायटॉर्चचा एक जुना बदल मला महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या ०.२ आवृत्तीत त्यांनी नम्पायसारखं ब्रॉडकास्टिंग आणलं. त्याआधी दोन टेन्सरमधले (पायटॉर्चच्या ॲरेंमधले) एकूण आकडे सारखे असले की शेप वेगळा असूनही एकास एक हिशेब व्हायचा. (४, १) आणि (४) यांची बेरीज तेव्हा (४, १) यायची, आता (४, ४) येते. हा बदल जुनं कोड बिघडवू शकतो असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आणि तशा जागा दाखवणारा इशाऱ्याचा स्विचही दिला.

मॅटलॅब या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत रकान्यातून ओळ वजा केली तर आर२०१६बी आवृत्तीच्या आधी एरर यायची, त्या आवृत्तीपासून चौरस येतो. पण तिथे एकमिती ॲरे हा प्रकारच नाही. रकाना हा रकानाच आणि ओळ ही ओळच असते, त्यामुळे गफलत लिहिताना डोळ्यांना दिसते. ज्युलिया या भाषेत शेप डावीकडून जुळवतात, म्हणून तिथे (३६६०, १) आणि (३६६०) यांची वजाबाकी (३६६०, १) येते आणि हा अपघात होतच नाही. यावरून ज्युलिया चांगली आणि नम्पाय वाईट असं मी म्हणणार नाही. उजवीकडून जुळवलं म्हणूनच तर १५ सरासरींची ओळ विनासायास वजा झाली होती.

दुरुस्ती

दुरुस्ती इतकीच: प्रत्यक्ष पाऊस वाचतानाच रिशेप करून (३६६००, १) केला. उलट बाजूने अंदाजाचा मागचा १ स्क्वीझने काढता आला असता, पण स्क्वीझला कुठली मिती काढायची ते सांगितलं नाही तर तो १ लांबीच्या सगळ्याच मिती काढतो. एकच दिवस तपासायला दिला की (१, १) मधली एकही मिती उरत नाही. म्हणून आम्ही पहिला मार्ग घेतला. शिवाय लॉसच्या फंक्शनमध्ये पहिल्या ओळीला असर्ट घातला: दोन्ही शेप एक नसतील तर तिथेच थांब.

दहा केंद्रांच्या कामात हाच १ आम्हाला मुद्दाम जपावाही लागला. तक्ता (१०, ३६६०), प्रत्येक केंद्राची सरासरी त्याच्या ओळीतून वजा करायची. सरासरी (१०) आली तर उजवीकडे ३६६० समोर १० येतात आणि नम्पाय एरर देतं. कीपडिम्स (सरासरी काढल्यावरही ती मिती १ म्हणून टिकवणारा पर्याय) चालू ठेवून सरासरी (१०, १) घेतली की काम होतं. ती एरर मिळाली हे नशीब. तिने चाचणीसाठी आधी दहाच दिवसांचा तुकडा घेतला होता, (१०, १०), कीपडिम्सशिवाय. तिथे तीच चुकीची वजाबाकी बिनतक्रार झाली: महाबळेश्वरची सरासरी दहाही केंद्रांच्या एका तारखेतून वजा. तेव्हापासून आमच्या चाचणीचा तक्ता कधी चौरस नसतो, ७ ओळी तर ११ रकाने.

दुरुस्तीनंतर एका केंद्राच्या २००० फेऱ्या तिच्या त्याच जुन्या लॅपटॉपवर काही सेकंदांत संपल्या. आलेख काढला तेव्हा अंदाजाची रेघ पावसाबरोबर वरखाली होताना पहिल्यांदा दिसली. मुसळधार दिवसांना ती अजून बुटकी पडते, आणि त्यासाठीच ठेवलेली वजनं आता तिने घातली आहेत. दहा केंद्रांच्या फरकांचा ॲरे आता १,४६,४०० बाइटचा आहे. निष्कर्षाचं प्रकरण तिने नव्याने लिहिलं.

त्याच आठवड्यात मी माझ्याकडचे मागच्या चार वर्षांचे प्रकल्प उघडले आणि जिथे जिथे लॉस हाताने लिहिला होता त्या ओळींआधी शेप छापून पाहिले. एका प्रकल्पात (एन, १) आणि (एन) समोरासमोर सापडले. त्याचाही निष्कर्ष होता की दिलेल्या माहितीवरून अंदाज बांधता येत नाही, आणि त्यावर सही माझी होती. तो विद्यार्थी आता नोकरीला आहे. त्याला मी सगळं कळवलं, त्याच रात्री त्याने मूळ माहितीचं फोल्डर पाठवून दिलं. तो प्रकल्प आम्ही पुन्हा चालवत आहोत.